केनिया : मते मोजणाऱ्यावरच विश्वास नसेल, तर सरकार कोणाचे?

आंबेमोहर (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२५ मध्ये केनियाचे माजी पंतप्रधान रायला ओडिंगा यांचे निधन झाले, तेही आपल्या केरळात. कूथाट्टुकुलमला ते आयुर्वेदिक उपचारांसाठी आले होते. त्या दिवसापासून हा धागा काढायचे मनात होते. ओडिंगांनी पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि पाचही वेळा ते हरले. २००७ पासूनच्या चारही निकालांवर त्यांनी आक्षेप घेतला आणि दर वेळी देशाचा फार मोठा भाग त्यांच्या मागे उभा राहिला. जिथे एवढ्या लोकांना आपले सरकार चोरवाटेने आलेले वाटते, तिथे राज्य कशाच्या बळावर चालते, हा माझा प्रश्न आहे.

याचे ठरलेले उत्तर असे, की आफ्रिकेत जमाती फार, इंग्रजांनी त्या एका सीमारेषेत कोंबल्या, मग दुसरे काय होणार? मला ते पटत नाही. २०१९ च्या जनगणनेनुसार केनियाची लोकसंख्या ४ कोटी ७५ लाख आहे. त्यांत किकुयू सर्वांत मोठे, पण तेही ८१ लाख, म्हणजे सुमारे १७ टक्केच. त्यांच्याखालोखाल लुह्या, कालेंजिन, लुओ आणि कांबा. एकट्याच्या बळावर कोणीच सत्तेवर येऊ शकत नसल्यामुळे युती करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि अशी रचना खरे तर लोकशाहीला पोषक ठरायला हवी होती. तरीही २००७ च्या निवडणुकीनंतर दोन महिन्यांत अकराशेहून अधिक माणसे मारली गेली.

माझ्या मते आपण कार्यकारणाचा क्रम उलटा लावतो. मत मोजणारा, जमीन वाटणारा आणि न्याय देणारा यांपैकी कोणावरच भरवसा उरला नाही, म्हणून माणसे जमातीच्या आसऱ्याला गेली. जाणकारांनी अवश्य लिहावे.

नकाशा

धागा उत्तम आहे. क्रमाविषयी सहमत, आणि त्याला पुरावाही आहे.

आज 'कालेंजिन' म्हणून जी जमात ओळखली जाते, तिचे हे नाव १९४० च्या दशकातले आहे. नांदी, किप्सिगिस, तुगेन, केइयो, मराक्वेत हे बोलीने जवळचे, पण स्वतंत्र समाज होते. 'कालेंजिन' म्हणजे 'मी तुम्हाला सांगतो'. नभोवाणीवरच्या निवेदनातून आणि शिकलेल्या तरुणांच्या बोलण्यातून ते रुळले. 'लुह्या' हे सामूहिक नावही असेच अलीकडचे. म्हणजे 'अनादी काळापासूनचे वैर' ज्यांच्यात होते असे सांगतात, त्यांतल्या काहींची आजची नावे माझ्या आजोबांच्या वयाचीही नाहीत.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. १९५२ साली इंग्रजांविरुद्धच्या माऊ माऊ उठावामुळे आणीबाणी लागू झाली आणि पुढच्याच वर्षी देशव्यापी आफ्रिकी पक्षावर बंदी आली. १९५५ पासून पक्ष काढायला परवानगी मिळाली, पण ती फक्त जिल्ह्यापुरती, आणि जिल्ह्यांच्या सीमा जमातींच्या राखीव प्रदेशांप्रमाणे आखलेल्या होत्या. देशभर काम करणारे पक्ष १९६० साली निघाले आणि स्वातंत्र्य आले १२ डिसेंबर १९६३ ला. ज्या पिढीने देश चालवायला घेतला, तिने राजकारणाची बाराखडी जिल्ह्यात, म्हणजे जमातीत, गिरवली होती. अखिल देशाचा कार्यकर्ता तयार व्हायला त्यांना धड चार वर्षेसुद्धा मिळाली नाहीत.

पारिजातक

एक विनंती. चर्चेत कोणी 'टोळी' आणि 'टोळीयुद्ध' हे शब्द वापरू नयेत. ऐंशी लाख लोकांच्या, स्वतःची भाषा, वृत्तपत्रे आणि विद्वान असलेल्या समाजाला आपण मराठीत टोळी म्हणत नाही. दरोडेखोरांची असते ती टोळी. 'जमात' किंवा 'समाज' पुरेसे आहे.

आंबेमोहर

पारिजातकताई, मान्य. स्वाहिलीत जमातीला 'काबिला' म्हणतात (मूळ अरबी, आपल्या 'कबिल्या'चेच भावंड) आणि जमातवादाला 'उकाबिला'. तिथल्या राजकारणात हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. प्रत्येक नेता दुसऱ्यावर उकाबिलाचा आरोप करतो.

परतवाट

मी २००५ ते २००९ नैरोबीत पार्कलँड्स भागात राहत होतो. २००७ च्या निवडणुकीविषयी जे डोळ्यांनी पाहिले, ते लिहितो.

मतदान २७ डिसेंबरला झाले. उत्साह असा, की आमच्या इमारतीचा रखवालदार पहाटे चारला रांगेत उभा राहिला आणि दुपारी बोटावरची शाई दाखवत परत आला. पहिल्या दोन दिवसांत ओडिंगा आघाडीवर होते. मग मध्य प्रांतातले, म्हणजे विद्यमान किकुयू राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांच्या बालेकिल्ल्यातले, आकडे येईनात, आणि आले तेव्हा आघाडी वितळत गेली. ३० तारखेला, रविवारी संध्याकाळी, मतमोजणीच्या सभागृहातून पत्रकारांना बाहेर काढण्यात आले आणि निवडणूक आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइतू यांनी सरकारी दूरचित्रवाणीवर निकाल वाचला : किबाकी ४५,८४,७२१, ओडिंगा ४३,५२,९९३. तासाभरात अंधार पडता पडता राष्ट्राध्यक्षांच्या निवासाच्या हिरवळीवर शपथविधी उरकला. २००२ साली याच किबाकींचा शपथविधी लाखो लोकांच्या साक्षीने भर दुपारी झाला होता. त्या संधिप्रकाशातल्या शपथेकडे पाहून आमच्या रखवालदाराने एवढेच विचारले, की जिंकलेला माणूस एवढी घाई का करील?

आमच्याकडे दोन रखवालदार होते, एक काकामेगाकडचा लुह्या आणि एक मुरांगाचा किकुयू. मी आल्यापासून दोघे एकाच थर्मासमधला चहा प्यायचे. त्या आठवड्यात रात्रपाळीचा माणूस दोन दिवस येऊच शकला नाही, कारण माथारे वस्तीतून बाहेर पडायच्या रस्त्यावर तरुणांनी नाके लावले होते आणि ओळखपत्र मागत होते. केनियाच्या ओळखपत्रावर जमात लिहिलेली नसते, पण नाव आणि मूळ जिल्हा असतो, आणि तेवढे पुरते. दुकाने बंद असल्यामुळे मोबाइलचे रिचार्जचे कार्ड मिळेनासे झाले. माणसे घरोघर पीठ मागत नव्हती, पन्नास शिलिंगांचे कार्ड मागत होती, गावाकडचे कोणी जिवंत आहे का ते विचारायला. तो रखवालदार तिसऱ्या दिवशी आला, तो स्वतःचा थर्मास घेऊन. मी कारण विचारले नाही. आज वाटते, विचारायला हवे होते.

१ जानेवारीला एल्डोरेटजवळ कियांबा इथे चर्चमध्ये आसरा घेतलेल्या किकुयू कुटुंबांना आत कोंडून चर्च पेटवून देण्यात आले. तीसच्या आसपास माणसे गेली, त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. महिनाअखेरीस नैवाशा आणि नाकुरूमध्ये किकुयू तरुणांनी लुओ आणि कालेंजिन घरांवर तसाच सूड घेतला. कोणत्याही एका बाजूला निर्दोष म्हणायची सोय उरली नाही.

सरळरेघ

परतवाट, तुमचा अनुभव वाचून काही वेळ काहीच लिहावेसे वाटले नाही. तरीही धागाकर्त्यांशी माझा मतभेद आहे.

इंग्रजांनी जमाती घडवल्या, नेत्यांनी भडकवल्या, हे खरे. पण मत देणारा सामान्य माणूस काही बाहुली नसतो. १९९२ साली बहुपक्षीय निवडणूक परत आली तेव्हा विरोधक एकत्र असते, तर तेव्हाचे कालेंजिन राष्ट्राध्यक्ष डॅनिएल मोई हमखास पडले असते. किकुयू आणि लुओ आपापल्या उमेदवारांमागे गेले आणि मोई अवघ्या ३६ टक्के मतांवर निवडून आले. १९९७ मध्ये पुन्हा तेच झाले. तेव्हा लोकांपुढे पर्याय होता आणि त्यांनी जमात निवडली. याला आपण संस्थांचा दोष म्हणत राहिलो, तर लोकांची जबाबदारी कुठे गेली?

नांगर

सरळरेघ, मोईंच्या काळातले मतदान समजून घ्यायचे तर मतपेटीच्या आधी सातबारा उघडावा लागतो. मी शेतीवाला माणूस आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

रिफ्ट व्हॅलीतली उत्तम जमीन इंग्रजांनी मासाई आणि कालेंजिन समाजांकडून काढून घेतली आणि गोऱ्या शेतकऱ्यांना दिली. मासाईंना तर १९०४ आणि १९११ च्या दोन करारांनी दोनदा हुसकावले. त्या मळ्यांवर राबायला किकुयू मजूर आणले, कारण त्यांच्या मध्य प्रांतातल्या जमिनीही गेल्याच होत्या. स्वातंत्र्याच्या वेळी गोऱ्यांना मोबदला देऊन हे मळे विकत घ्यायचे ठरले आणि त्यासाठी ब्रिटनकडून कर्ज काढले. म्हणजे लुटलेला माल मालकानेच कर्ज काढून सोडवून घ्यायचा. आता तो कोणाला द्यायचा? मासाई आणि कालेंजिन म्हणाले, आमचे पूर्वज इथे गुरे चारत होते. किकुयू म्हणाले, आमच्या दोन पिढ्या इथे राबल्या आणि आम्ही रोख पैसे भरले. दोघांचे म्हणणे खरे होते. राष्ट्राध्यक्ष जोमो केन्याटा किकुयू होते, जमीन खरेदी करणाऱ्या किकुयू कंपन्यांना कर्ज आणि परवाने सहज मिळाले आणि सर्वांत चांगले मळे सत्तेजवळच्या मोजक्या घराण्यांकडे गेले. गरीब किकुयूच्या वाट्याला पाच-सात एकर आले आणि शेजाऱ्याचा राग मात्र सगळा त्याच्याच वाट्याला आला, कारण बडा जमीनदार काही तिथे कुंपणाशी उभा नव्हता.

१९९१ च्या डिसेंबरात एकपक्षीय राजवटीचे कलम रद्द झाले आणि त्याच सुमाराला रिफ्ट व्हॅलीतल्या मोलो, बर्न्ट फॉरेस्ट भागात घरे जळू लागली. ज्या मतदारसंघात विरोधी मते पडायची शक्यता होती, तिथलेच 'परके' हाकलले जात होते. त्यांच्यासाठी 'मादोआदोआ', म्हणजे डाग, असा शब्द वापरला जाई. डाग पुसून काढायचे असतात. तुम्ही म्हणता लोकांनी जमात निवडली. ज्याचे घर जमात पाहून जाळले, त्याने आणखी काय निवडायचे होते?

सरळरेघ

नांगर, सातबाऱ्याचा मुद्दा मान्य करतो. रागाची जागा मी चुकीची धरली होती. पण एक गोष्ट सुटत नाही. २००८ मध्ये एकमेकांची घरे जाळणाऱ्या किकुयू आणि कालेंजिन समाजांनी २०१३ साली उहुरू केन्याटा (जोमोंचे पुत्र, किकुयू) आणि विल्यम रुटो (कालेंजिन) या जोडीला भरघोस मते दिली. दोघांवर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात त्याच हिंसाचाराचे, परस्परविरोधी बाजूंचे, आरोप होते. बाहेरचे न्यायालय आपल्या माणसाला ओढून नेत आहे, या भावनेवर दोघे निवडून आले आणि खटले पुढे पुराव्याअभावी कोलमडले. मग ज्यांची माणसे मेली, त्यांना न्याय कुठे मिळाला?

नांगर

कुठेच नाही. एवढे मात्र यातून दिसते, की वैर नेत्यांच्या तहाने एका वर्षात थांबू शकते. जे असे थांबते, ते रक्तात नसते.

चांदणवेल

वाचते आहे. इतक्या संयमाने होणारी चर्चा पाहून बरे वाटले.

मांडवीकर

या विषयात गोव्याचा एक धागा आहे, तो लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पियो गामा पिंटो. जन्म १९२७, नैरोबी, आईवडील गोंयकार. शिक्षणासाठी भारतात आले, धारवाडला शिकले, मुंबईत नोकरी केली आणि गोवामुक्तीच्या कामात पडले. पोर्तुगीज पकडतील म्हणून १९४९ साली केनियाला परतले आणि तिथल्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९५४ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढची चार-पाच वर्षे स्थानबद्धतेत गेली. स्वातंत्र्यानंतर खासदार झाले, तेव्हा भूमिहीनांना जमीन मिळालीच पाहिजे, ही त्यांची भूमिका सत्ताधाऱ्यांना बोचू लागली. २४ फेब्रुवारी १९६५ च्या सकाळी वेस्टलँड्समध्ये स्वतःच्या घराच्या फाटकाशी, मोटारीत लहान मुलगी मागे बसलेली असताना, त्यांना गोळ्या घातल्या. वय ३७. स्वतंत्र केनियातली ही पहिली राजकीय हत्या. ज्याला शिक्षा झाली, तो पस्तीस वर्षे तुरुंगात राहून सुटला आणि आपण निर्दोष आहोत असेच सांगत राहिला. सुपारी कोणी दिली, ते आजवर उजेडात आलेले नाही.

त्यानंतर ५ जुलै १९६९ ला लुओ समाजातले मंत्री टॉम म्बोया यांना नैरोबीत भरबाजारात गोळी घातली गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात किसुमूला, रुग्णालयाच्या उद्घाटनप्रसंगी, जोमो केन्याटांच्या पहारेकऱ्यांनी लुओ जमावावर गोळीबार केला. ओगिंगा ओडिंगा, म्हणजे रायलांचे वडील, स्थानबद्ध झाले आणि त्यांच्या पक्षावर बंदी आली. लुओ समाजाच्या मनातला अविश्वास त्या वर्षापासूनचा आहे.

पिंटोंच्या बाबतीत मला नेहमी वाटते, की ते कोणत्याच जमातीचे नव्हते, म्हणून सर्वांची बाजू घेऊ शकले, आणि म्हणूनच त्यांच्या मागे कोणी उभे राहिले नाही. अवांतर : १९६६ मध्ये काही महिने उपराष्ट्राध्यक्ष असलेले जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोंयकार आणि आई मासाई.

रानवाट

सगळी चर्चा चार-पाच मोठ्या जमातींभोवती फिरते आहे. ईशान्य केनियातल्या सोमाली लोकांना कोणी विचारले होते का? १९६२ साली आयोग नेमून त्यांचे मत घेतले, बहुसंख्यांनी सोमालियाशी जोडून घ्यायचे म्हटले, आणि तरीही तो प्रदेश केनियातच ठेवला गेला. पुढे चार वर्षे युद्ध चालले. १९८४ च्या फेब्रुवारीत वाजीरजवळ वगाल्ला धावपट्टीवर शेकडो पुरुषांना लष्कराने उन्हात कोंडून ठेवले आणि मारले; सरकारने कबूल केलेला आकडा ५७, तिथले लोक त्याच्या कितीतरी पट सांगतात. नैरोबीत निवडणूक चोरली की जग धावून येते. वगाल्लाला कोणीच धावले नाही. अधिमान्यतेचा, म्हणजे राज्य करण्याचा हक्क लोकांना मान्य आहे का, हा प्रश्न विचारायचा, तर तो कडेला राहणाऱ्या माणसापासून विचारायला हवा.

आंबेमोहर

रानवाट, हे माझ्या मूळ लेखातून निसटले होते. आभारी आहे.

दीपमाळ

शेजारच्या टांझानियात सव्वाशेच्या आसपास जमाती आहेत, पण तिथले पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांनी स्वाहिली भाषा, एक अभ्यासक्रम आणि सर्वांना सारखी वागणूक यांच्या जोरावर देश एकसंध ठेवला. केनियाने तो मार्ग धरला असता तर?

नकाशा

दीपमाळ, स्वाहिलीचे श्रेय निर्विवाद आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच टांझानियात मुख्य विरोधकांना निवडणुकीबाहेर ठेवून विद्यमान अध्यक्षांना जवळजवळ ९८ टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले, रस्त्यावर रक्त सांडले आणि इंटरनेट बंद करण्यात आले. तिथे तर जमातींचे राजकारण नव्हते. म्हणजे जमाती नसल्या तरी अधिमान्यता हरवू शकते. धागाकर्त्यांच्या म्हणण्याला हा मला सर्वांत ठोस आधार वाटतो.

आंबेमोहर

मूळ प्रश्नाकडे परत येतो. २००८ च्या २८ फेब्रुवारीला कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने तह झाला आणि ओडिंगा पंतप्रधान झाले. निवडणुकीच्या चौकशीसाठी नेमलेल्या क्रीग्लर आयोगाने निष्कर्ष काढला, की नोंदींचा एवढा बोजवारा उडाला आहे की कोण जिंकले ते सांगता येणार नाही. हिंसाचाराच्या चौकशीसाठीच्या वाकी आयोगाने १,१३३ मृत्यू नोंदवले, त्यांतले ४०५ गोळी लागून. २०१० मध्ये नवी राज्यघटना आली : ४७ परगण्यांना स्वतःचे सरकार आणि निधी, आणि राष्ट्राध्यक्ष व्हायला निम्म्याहून अधिक मतांबरोबर किमान २४ परगण्यांत प्रत्येकी २५ टक्के मते. एका जमातीच्या बळावर निवडून येण्याची वाट कायद्यानेच बुजवली.

आणि १ सप्टेंबर २०१७ ला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी विद्यमान राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटा यांची निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत असे पूर्वी घडले नव्हते. त्या निवडणुकीच्या काही दिवस आधी निवडणूक आयोगाचे तंत्रज्ञानप्रमुख ख्रिस म्सांडो यांचा छळ करून खून झाला होता. अशा वातावरणात तो निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींचे धैर्य मला थोर वाटते.

सरळरेघ

पण त्यानंतर? ओडिंगांनी फेरनिवडणुकीवर बहिष्कार टाकला, केन्याटा ९८ टक्क्यांनी निवडून आले, ३० जानेवारी २०१८ ला ओडिंगांनी उहुरू पार्कमध्ये 'जनतेचे राष्ट्राध्यक्ष' म्हणून स्वतःच शपथ घेतली, आणि ९ मार्चला दोघांनी हस्तांदोलन करून समेट केला. न्यायालयाने मतपत्रिकेला दिलेला मान दोन नेत्यांनी एका हस्तांदोलनात बाजूला ठेवला.

परतवाट

सरळरेघ, हस्तांदोलनाबद्दल मलाही तसेच वाटले होते. २०२२ चे एक दृश्य मात्र सांगतो. तेव्हा मी कामानिमित्त पुन्हा नैरोबीत होतो.

तिथे प्रत्येक मतदान केंद्रावर मोजणी जागच्या जागीच होते आणि आकडे '३४-अ' नावाच्या एका कागदावर भरून, पक्षांच्या प्रतिनिधींच्या सह्या घेऊन, एक प्रत दारावर चिकटवतात. मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमचा चालक मला कांगेमीतल्या एका शाळेपाशी घेऊन गेला. वर्गाच्या दारावर तो कागद, डिंक अजून ओला, एका खोडलेल्या आकड्याशेजारी छोटी सही. दहा-बारा माणसे मोबाइलवर त्याचे छायाचित्र घेत होती. या वेळी आयोगाने ४६,२२९ केंद्रांचे हे कागद संकेतस्थळावर टाकायला घेतले होते. चालकाने गाडीत बसून आपल्या केंद्राचा कागद शोधला, बोट ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला आणि म्हणाला, 'सारखे आहे.' त्याचा उमेदवार हरणार होता.

पुढे रुटो ५०.४९ टक्क्यांनी जिंकल्याचे जाहीर झाले तेव्हा सातपैकी चार आयुक्तांनी बाहेर येऊन निकाल नाकारला. न्यायालयाने याचिका एकमताने फेटाळल्या. किसुमूत टायर जळले, पण २००७ ची पुनरावृत्ती झाली नाही. त्याचे कारण मला विचाराल, तर तो ओल्या डिंकाचा कागद.

पारिजातक

आणि २५ जून २०२४ ला करवाढीविरुद्ध संसदेत घुसलेली तरुण मुले? आमची जमात नाही, पक्ष नाही, नेता नाही, असे ती म्हणत होती. किकुयू, लुओ, कालेंजिन मुले एकत्र गोळ्या झेलत होती. दुसऱ्या दिवशी ते विधेयक मागे घ्यावे लागले. त्याआधी वर्षभर उपराष्ट्राध्यक्ष गाचाग्वा सरकार म्हणजे भागधारकांची कंपनी आहे, ज्यांनी मते दिली त्यांचा वाटा मोठा, असे उघड सांगत होते. या मुलांनी कर मात्र सर्वांनीच भरला असल्याची आठवण करून दिली.

रानवाट

त्या मुलांचे वय पाहा. २००७ च्या रांगेत त्यांच्यापैकी कोणीच नव्हते. काही जण चर्चमध्ये किंवा छावणीत आईच्या कडेवर असतील.

आंबेमोहर

आता पुढची निवडणूक ऑगस्ट २०२७ मध्ये आहे. २०२३ च्या जानेवारीपासून २०२५ च्या जुलैपर्यंत निवडणूक आयोगावर एकही आयुक्त नव्हता. अडीच वर्षे खुर्च्या रिकाम्या ठेवल्या गेल्या. नवे आयुक्त आता आले आहेत. ओडिंगा या वेळी उमेदवार नसतील, त्यामुळे लुओ समाजाची मते कुठे जातील याचे गणित सगळेच मांडत आहेत. परतवाट, तुमच्या त्या चालकाशी अजून संपर्क आहे का? या वेळी तो कोणाला मत देणार हे मला नको आहे. दारावरचा कागद पाहायला तो पहाटे जाणार आहे का, एवढे विचारून सांगा.

परतवाट

काल रात्री फोन केला होता. तो म्हणाला, या वेळी मुलीला बरोबर नेणार आहे. तिचे पहिले मतदान आहे.